अंगणांतील ऑलिव्ह आणि माथेरानचा पारजांब

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या स्वयंपाकघरांतील फडताळांत ज्या परदेशी वस्तूंनीं ठाण मांडलें, त्यांत ऑलिव्हच्या तेलाची बाटली ही एक होय. कोणी तें हृदयास हितकर म्हणून आणतात, कोणी तान्ह्या मुलाच्या अंगास चोळण्यासाठीं आणतात. कोणाच्या घरीं परदेशांत राहणारीं मुलें सुट्टींत येतांना खारवलेल्या हिरव्या फळांची बरणी घेऊन येतात. फळ खाऊन झालें आणि आंतील आठोळी हातांत राहिली, कीं घरांतील एखादें लहान मूल हटकून विचारतें, "ही लावली तर उगवेल काय?" प्रश्न बालिश नव्हे. आंब्याची कोय उकिरड्यावर पडली तरी मृगाच्या पावसांत तिला तांबूस पालवी फुटते, हें ज्यानें पाहिलें आहे त्यानें ऑलिव्हविषयीं असें विचारणें स्वाभाविकच आहे.

कर्जत व खालापूर या तालुक्यांत ज्यांचीं वाडवडिलांचीं घरें आहेत, किंवा मुंबईच्या गजबजाटाला कंटाळून ज्यांनीं तेथें नुकतीच चार-सहा गुंठे जमीन घेतली आहे, अशा कुटुंबांत हा प्रश्न मुलांपुरता राहत नाहीं. रोपवाटिकांत ऑलिव्ह म्हणून कुंड्या विकावयास मांडलेल्या असतात. त्या पाहून वडील मंडळींनाहि मोह होतो. घरापुढच्या मोकळ्या जागेंत हें झाड लावावें काय, याचा मग घरांत खल सुरू होतो. अंगणांतील एक जागा एका झाडास देणें हा कांहीं चार दिवसांचा व्यवहार नव्हे. तो पन्नास-शंभर वर्षांचा निर्णय आहे, आणि त्याचें फळ, गोड वा कडू, बहुधा नातवंडांच्या पदरीं पडावयाचें असतें. म्हणून त्यासंबंधीं थोडें विस्तारानें लिहिणें आम्हांस अवश्य वाटलें.

आमचें उत्तर आरंभींच सांगून टाकतों. ताज्या फळाची बी मिळाली तर कर्जत-खालापुरांत ऑलिव्हचें रोप येईल. जपलें तर कुंडींत त्याचें सुरेख झुडूपहि होईल. परंतु त्याला फळ धरेल ही आशा बाळगूं नये. तेव्हां त्याला कुंडी द्यावी, जमीन देऊं नये. जमीन ज्याला द्यावी असा त्याचाच एक भाऊबंद याच कर्जत तालुक्याच्या माथ्यावर, माथेरानच्या रानांत, पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. या दोघांचीहि ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मोगऱ्याचा दूरदेशींचा सोयरा

ऑलिव्हला हिंदींत व उर्दूंत जैतून म्हणतात. मराठी बायबलांतहि हाच शब्द योजिलेला आहे. त्याचें शास्त्रीय नांव ओलिया यूरोपिया. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या कुळांत त्याची गणना करतात, त्याच कुळांत आपला मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक हीं येतात. देवपूजेच्या तबकांतील निम्मीं फुलें ज्या घराण्याचीं, त्याच घराण्याचा हा दूरदेशीं राहणारा वडीलधारा होय. हें नातें ऐकून प्रथम नवल वाटतें. परंतु पारिजातकाचें फूल उकलून पाहिलें तर आंत दोनच पुंकेसर आढळतात. ऑलिव्हच्या मोहोरांतील मोहरीएवढ्या कळ्या उमलल्यावर त्यांतहि दोनच पुंकेसर दिसतात. कुळाची खूण अशा बारीक ठिकाणीं टिकून राहते.

भूमध्य समुद्राच्या भोंवतालचे देश, म्हणजे स्पेन, इटली, ग्रीस, तुर्कस्तान, पॅलेस्टाइन, ट्युनिशिया वगैरे, हें या झाडाचें माहेर. आपल्याकडे नारळास जो मान, तोच तिकडे ऑलिव्हला. ग्रीक पुराणांत अशी कथा आहे कीं, अथेन्स नगरीचें पालकत्व कोणाकडे असावें यावरून समुद्राचा देव पोसायडन आणि विद्येची देवता अथेना यांच्यांत चुरस लागली. समुद्रदेवानें खाऱ्या पाण्याचा झरा दिला, देवीनें ऑलिव्हचें झाड दिलें. झाड श्रेष्ठ ठरलें आणि नगरी देवीची झाली. या झाडाचें आयुष्यहि पुराणास शोभण्यासारखेंच असतें. ग्रीसमधील क्रीट बेटावर वूव्हेस नांवाच्या गांवीं जें झाड आहे तें दोन हजार वर्षांहून जुनें मानतात, आणि त्याला अजून फळें धरतात. जेरुसलेमच्या गेथशेमाने बागेंतील कांहीं झाडांच्या खोडांची परीक्षा करून त्यांचें वय सुमारें नऊशें वर्षें असल्याचें संशोधकांनीं २०१२ सालीं जाहीर केलें. अशा दीर्घायुषी वृक्षाचें रोप आपल्या दारीं असावें असें कोणासहि वाटेल.

बी कशी रुजवावी

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बरणींतील खारवलेल्या फळांच्या आठोळ्या कितीहि मनोभावें पेरल्या तरी उगवत नाहींत. झाडावरील ऑलिव्ह इतकें कडू असतें कीं तें तसेंच तोंडांत घालवत नाहीं. तो कडवटपणा काढण्यासाठीं फळें दाहक सोड्याच्या पाण्यांत टाकतात किंवा महिनेच्या महिने मिठाच्या पाण्यांत मुरवितात. पुष्कळदां बरणी भरल्यावर ती ऊनहि करतात. एवढ्या संस्कारांतून आंतील कोवळा जीव वांचत नाहीं. मुलांस हें आधींच समजावून सांगावें. रोज सकाळीं उठून रिकाम्या कुंडींत डोकावणाऱ्या मुलाची निराशा करण्यापेक्षां खरें कारण सांगणें केव्हांहि बरें. त्यांतून त्याला लोणचें टिकतें कां आणि बी मरते कां, हे दोन धडे एकदम मिळतात.

बी हवी ती झाडावर पिकून काळें झालेल्या ताज्या फळाची. अशी बी रीतसर मिळाली तर पुढील क्रम ठेवावा. फळाचा गर काढून आठोळी राखेच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें चोळून स्वच्छ धुवावी, म्हणजे तिच्यावरील तेलकटपणा जाईल. ही आठोळी बोराच्या आठोळीसारखी कठीण असते. तिचें निमुळतें टोंक कानसेनें घासून अथवा चिमट्यानें अगदीं किंचित् तोडून पाण्याला आंत वाट करून द्यावी. आंतील मगजाला मात्र धक्का लागूं देऊं नये. मग ती एक दिवस व एक रात्र पाण्यांत भिजत ठेवावी व मधून एकदोनदां पाणी बदलावें. यानंतर तिला थंडी दाखविली पाहिजे. आपल्या देशांतील बियांना हा सोपस्कार बहुधा लागत नाहीं. ऑलिव्हची बी मात्र थंडीचे दिवस सरल्याची खूण पटल्यावांचून सहसा जागी होत नाहीं. ओलसर वाळूंत गुंडाळून ती फ्रीजमधील सर्वांत कमी थंड कप्प्यांत चार-सहा आठवडे ठेवावी. वाळू ओली असावी, चिंब नसावी.

कर्जतकडे हें काम आश्विनाच्या अखेरीस आरंभिलें तर बी पेरावयाची वेळ मार्गशीर्षांत येते, आणि तेव्हां रात्री गार असल्यामुळें तें सोयीचें पडतें. एक भाग माती, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत एकत्र करून, तळाशीं भोंक असलेल्या कुंडींत बी बोटाच्या पेराएवढी खोल पुरावी. एक ते तीन महिन्यांत कांहीं बिया उगवतील, कांहीं उगवणारच नाहींत. दहा लावल्या व तीन-चार उगवल्या तर समाधान मानावें. रोप प्रथम फार सावकाश वाढतें. त्याचीं पहिल्या वर्षांचीं पानें बारीक व दाट असतात. पुढें तीं लांबट होऊन वरून गडद हिरवीं व खालून रुपेरी दिसूं लागतात. वाऱ्यानें झुडूप हललें कीं हिरवा व रुपेरी असे दोन रंग आळीपाळीनें चमकतात. या झाडाची खरी शोभा हीच.

रोप विकत घेणारांनींहि ही खूण लक्षांत ठेवावी. श्रीलंकेकडील रुद्राक्षाच्या गणांतील एक झाड 'सिलोन ऑलिव्ह' या नांवानें ओळखलें जातें, आणि नामसादृश्यामुळें घोटाळा होतो. त्याचीं पानें दांतेरी असून फांदीवर एकाआड एक येतात व गळण्यापूर्वीं लाल होतात. खऱ्या ऑलिव्हचीं पानें समोरासमोर जोडीनें येतात, त्यांची कड सरळ असते आणि खालची बाजू रुपेरी असते.

आणखी एक गोष्ट. आंब्याच्या बाबतींत रायवळ आणि कलमी हा भेद कोंकणांत लहान मुलासहि ठाऊक असतो. हापूसची कोय लावली म्हणजे हापूसच येईल असें कोणी म्हणत नाहीं. ऑलिव्हचेंहि तसेंच आहे. बीपासून आलेलें झाड आईच्या गुणावर जाईलच असा भरंवसा नाहीं. त्याला प्रथम फळ येण्यास अनुकूल हवेंतहि पुष्कळ वर्षें लागतात. म्हणूनच तिकडचे बागाईतदार फांदीपासून केलेलीं रोपें किंवा कलमें लावतात. बी लावणें हा हौसेचा आणि जिज्ञासेचा मार्ग आहे, उत्पन्नाचा नव्हे.

ऋतूंचा उलटा क्रम

आतां फळ कां धरणार नाहीं तें पाहूं. कारण रोपांत नाहीं, माळ्यांत नाहीं. तें आपल्या आकाशांत आहे.

ऑलिव्हच्या मायदेशांत पाऊस हिंवाळ्यांत पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. बहुतेक ठिकाणीं वर्षाचा एकंदर पाऊस चारशें ते आठशें मिलिमीटर. आपल्याकडे क्रम नेमका उलटा. कर्जतला वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. वर माथेरानला तर त्याच्याहि पुढें मजल जाते. ज्या महिन्यांत ऑलिव्हच्या मुळांना कोरडी, ऊन जमीन हवी त्याच महिन्यांत येथील खाचरांत पाणी तुंबलेलें असतें. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचें भात संशोधन केंद्र कर्जतला आहे आणि भाताच्या 'कर्जत-३', 'कर्जत-१८४' अशा जाति तेथून निघाल्या, यांतच या भूमीचा स्वभाव कळून येतो. साचलेल्या पाण्यांत उभें राहून जें पीक सुखानें वाढतें त्याची ही भूमि. पाय ओले झाले कीं ज्याचीं मुळें कुजतात त्या झाडाची ही नव्हे.

दुसरें कारण थंडीचें. ऑलिव्हच्या फांदीवरील डोळ्यांतून पालवी निघावी कीं मोहोर निघावा, यांत हिंवाळ्याच्या थंडीचा वांटा फार मोठा असतो. कांहीं आठवडे रात्रींचा पारा बराच खालीं उतरावा लागतो आणि दिवसहि गारच असावे लागतात. पौषांतील कर्जतची पहाट सुखद असते, शालहि लागते. पण दोन प्रहरीं ऊन चढलें कीं सगळी थंडी विरून जाते. एवढ्याशा गारव्यानें झाड फसत नाहीं. तें पानें काढीत राहतें, हिरवें राहतें, आणि मोहोर कांहीं येत नाहीं. शिवाय याच्या पुष्कळ जातींना फळ धरण्यास शेजारीं दुसऱ्या जातीचें झाडहि लागतें, हें वेगळेंच.

हिंदुस्थानांत ऑलिव्हचा मोठा प्रयोग झाला तो राजस्थानांत. इस्राएलच्या साह्यानें तेथील सरकारनें २००७ सालीं त्यासाठीं एक कंपनी स्थापिली, २००८ पासून परदेशांतून आणलेल्या निवडक जातींचीं रोपें सुमारें १८२ हेक्टर सरकारी जमिनींत लावलीं, त्यांना ठिबक सिंचनानें पाणी दिलें, आणि २०१४ मध्यें बिकानेर जिल्ह्यांतील लूणकरणसर येथें तेल काढण्याचा कारखाना सुरू केला. बिकानेरकडे पाऊस अगदीं थोडा आणि हिंवाळ्याच्या रात्री कडाक्याच्या. या दोन्ही गोष्टी असतांहि तेथें एवढा खटाटोप करावा लागला. कर्जत-खालापुरांत या दोहोंपैकीं एकहि नाहीं. म्हणून कोणी येथें ऑलिव्हच्या बागेचें उत्पन्न डोळ्यांपुढें नाचवूं लागला, तर त्याला नम्रपणें नमस्कार करावा.

कुंडींतील झुडपाला मात्र चार नियम पाळले तर चांगलें आयुष्य लाभतें. पहिला, रोहिणी नक्षत्र संपतांच कुंडी पडवींत किंवा ओटीच्या कडेला आणावी, तिच्याखालीं दोन विटा ठेवाव्या, आणि पागोळ्यांचें पाणी तींत पडूं देऊं नये. दुसरा, पावसाळ्यांत माती वरून वाळल्याखेरीज पाणी घालूं नये. तिसरा, ऑलिव्हला चुनखडीची जमीन मानवते व आपली माती बहुधा आम्ल असते, तेव्हां वर्षांतून एकदां थोडा चुन्याचा चुरा मातींत मिसळावा. चौथा, हस्ताचा पाऊस सरल्यावर कुंडी भरपूर उन्हांत ठेवावी व दाट झालेल्या फांद्या कापून झुडपांत वारा खेळता ठेवावा. एवढें केलें तर तें घरची शोभा वाढवील.

रायगड जिल्हा आणि तेल

जैतून आणि रायगड जिल्हा यांचा एक वेगळाच संबंध आहे, तो येथें सांगण्याजोगा आहे. या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर व आंतल्या गांवांतून बेने इस्राएल लोकांची वस्ती शतकानुशतकें होती. त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. गांवोगांव त्यांचा धंदा तेलाचे घाणे चालविण्याचा. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, केहीमकर, नवगांवकर हीं त्यांचीं आडनांवें अजून जुन्या गांवांची आठवण देतात. ज्या धर्मग्रंथांत देवापुढील दिव्यासाठीं शुद्ध जैतुनाचें तेल आणावें अशी आज्ञा आहे, तो ग्रंथ मानणारे हे लोक. परंतु कोंकणांत जैतून नव्हता. त्यांनीं येथें जें पिकतें तेंच घाण्यांत घातलें, तीळ आणि खोबरें. भूमीनें जें दिलें त्याचा त्यांनीं मान ठेवला. इ. स. १९४८ नंतर त्यांच्यांतील बहुसंख्य कुटुंबें इस्राएलांत गेलीं. तेथें ज्या घरांतून अजून मराठी कानीं पडते, त्यांच्या भोंवतीं आज जैतुनाचीं झाडें आहेत. आणि त्या देशाच्या हवेंत नारळ मात्र लागत नाहीं. माणूस देश बदलूं शकतो. झाडाला तें सहजासहजीं साधत नाहीं.

खालापूर-कर्जतच्या डोंगरांतील ठाकूर व कातकरी लोकांनाहि आपलें तेल कोठें आहे तें ठाऊक असतें. मोहाच्या बियांचें तेल, करंजाचें तेल, आणि कोंकणांत सर्वत्र टांचा फुटल्यावर लावतात तें कोकमाचें मुठेल, हें सगळें झाडांनींच दिलेलें. एवढी समृद्धि पायाशीं असतां अंगणांतील एकुलती जागा परक्या झाडाला देण्याची घाई कां करावी?

माथेरानचा पारजांब

आतां ज्याचा आरंभीं उल्लेख केला त्या भाऊबंदाकडे वळूं.

नेरळहून माथेरानला चढतांना डोंगराच्या उतारावरील रान हळूहळू बदलतें, आणि माथ्यावर पोंचलों म्हणजे तांबड्या मातीच्या वाटांवर दाट, थंड, बारमाही सावली लागते. तेथें जांभूळ, अंजन, पिसा या झाडांच्या दाटींत पारजांब नांवाचा एक मध्यम उंचीचा वृक्ष वाढतो. इतर झाडांहून तो चटकन् वेगळा ओळखूं येत नाहीं, म्हणून हजारों प्रवासी त्याच्या सावलींतून जातात आणि त्याचें नांवहि कोणी विचारीत नाहीं. परंतु कलकत्त्याच्या सरकारी वनस्पति-उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनीं त्याला जें शास्त्रीय नांव दिलें तें ओलिया डायोइका. ओलिया म्हणजे ऑलिव्हचाच गण! डॉ. थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतहि त्याची याच नांवानें नोंद आहे. अलीकडे शास्त्रज्ञ त्याला टेट्रापिलस नांवाच्या निराळ्या गणांत घालतात. म्हणजे सख्खा भाऊ म्हणतां येत नसला तरी चुलत भाऊ खासच.

त्याचीं पानें समोरासमोर, जाड, चकचकीत; कडा बहुधा दांतेरी. ऑलिव्हचा रुपेरी रंग त्यांना नाहीं. हिंवाळ्याच्या सुमारास बारीक पांढुरक्या फुलांचे झुबके येतात आणि पुढें लांबट गोल फळें धरतात. तीं पिकल्यावर निळसर काळीं होतात व त्यांत एकच कठीण आठोळी असते. हातांत घेतल्यावर लहानसें ऑलिव्हच वाटावें! त्याचें तेल काढीत नाहींत, तीं माणसांच्या खाण्यासाठीं म्हणूनहि कोणी लावूं नयेत. पण रानांतल्या फळें खाणाऱ्या पक्ष्यांना त्यांचा आधार असतो, आणि बी दूरवर नेऊन टाकण्याचें काम ते पक्षीच करतात. 'डायोइका' या शब्दाचा अर्थ 'दोन घरांचा'. नरफुलें एका झाडावर आणि मादीफुलें दुसऱ्या झाडावर असा या वृक्षाचा सामान्य प्रकार असल्यामुळें एकट्या झाडाला फळ येईलच असें नाहीं. तीन-चार शेजाऱ्यांनीं मिळून एकेक लावला तर मात्र सगळ्यांच्या अंगणांत पक्षी येतील. एकत्र कुटुंबांना आणि जुन्या आळ्यांना साजेसें असेंच हें झाड नव्हे काय?

माथेरानचा डोंगर ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस १८५० सालीं आला व पुढें तेथें वस्ती झाली. आदमजी पीरभाई घराण्यानें बांधलेली छोटी आगगाडी १९०७ मध्यें नेरळहून वर गेली. १८७१ सालींच डॉ. स्मिथ यांनीं या डोंगरावरील माणसें, वनस्पति व प्राणी यांवर एक पुस्तक लिहिलें, इतकें येथील रानाचें कौतुक पूर्वीं होतें. २००३ सालीं केंद्र सरकारनें माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतों: पारजांब हवा म्हणून तेथील रोप उपटणें किंवा फांदी मोडणें सर्वथा गैर आहे. देशी झाडांची रोपें करणाऱ्या रोपवाटिकेंत चौकशी करावी, किंवा ज्याच्या खाजगी जागेंत झाड आहे त्याच्या संमतीनें खालीं पडलेलीं पिकलीं फळें वेंचावीं.

सदाहरित रानांतील बहुतेक झाडांची बी ताजी असतांनाच लावलेली बरी. सुकवून डब्यांत भरून ठेवणें योग्य नव्हे. गर धुवून काढावा, बी पालापाचोळ्याच्या खतांत उथळ पेरावी, आणि कुंडी उन्हांत न ठेवतां झाडाखालीं ठेवावी. रोप हातभर झालें म्हणजे दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडीं जमिनींत लावावें. हा डोंगरावरील, सावलींत वाढणारा वृक्ष आहे हें विसरूं नये. खालच्या सपाटीवरील चैत्र-वैशाखाचें ऊन त्याला सोसत नाहीं, तेव्हां घराच्या पूर्वेस, विहिरीजवळ किंवा ओढ्याकांठीं जागा द्यावी आणि पहिले दोन-तीन उन्हाळे सावली करून पाणी घालावें. ज्यांच्याजवळ अशी जागा नाहीं त्यांनीं जांभूळ, कोकम, फणस, बकुळ यांपैकीं कांहीं लावावें. हींहि सर्व बीपासून येतात, मुलांच्या हातूनहि येतात, आणि कोणत्याहि फ्रीजची वाट पाहत नाहींत.

जमीन कोणाला द्यावी

मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग झाल्यापासून खालापूर व कर्जत या तालुक्यांचें रूप झपाट्यानें पालटलें. शेतांचे तुकडे पडले, तुकड्यांवर बंगले उठले, आणि बंगल्यांभोंवतीं हिरवळ व परदेशी ताडांच्या रांगा दिसूं लागल्या. जुन्या घरांतहि वांटण्या होऊन अंगणें लहान झालीं. ज्या अंगणांत पूर्वीं आंबा, फणस, बकुळ आणि शिवाय तुळशीवृंदावन मावत असे, तेथें आतां एखाद्याच मोठ्या झाडाला जागा उरते. जागा एकच असली म्हणजे निवड करणें भाग पडतें, आणि निवड पुढल्या तीन पिढ्यांवर बंधनकारक होते. ज्या झाडाला येथील पाऊस मानवत नाहीं त्याला तेथें उभें केलें, तर दहा-पंधरा वर्षें त्याची शुश्रूषा करून शेवटीं तें एखाद्या श्रावणांत कुजून जाण्याचाच संभव अधिक. गेलेलें रोप दुसरें आणतां येतें. गेलेलीं पंधरा वर्षें आणतां येत नाहींत, आणि ज्या आजोबांनीं तें हौसेनें लावलें त्यांना दुसऱ्या खेपेची सवड असेलच असें नाहीं.

याचा अर्थ परदेशी झाडाविषयीं आकस धरावा असा मुळींच नव्हे. मिरची, पपई, काजू, पेरू हीं सर्व परदेशांतूनच आलीं आणि येथल्या पाण्यामातीशीं जुळवून घेऊन घरचीं झालीं. ऑलिव्हला तें येथें साधण्यासारखें नाहीं, एवढेंच. त्याला पाहुण्याचा मान द्यावा. पडवींतील उजेडाची जागा, विटांचा पाट आणि पावसांत डोक्यावर छप्पर. मुलांनीं त्याच्या बीला थंडी दाखवावी, अंकुराची वाट पाहावी, रुपेरी पानें फुटल्यावर शाळेंतील मित्रांना बोलावून दाखवावीं, आणि पारिजातकाशीं त्याचें नातें समजून घ्यावें. एका कुंडींत भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि धीर हे तीन विषय शिकविणारा असा गुरु फार थोड्या खर्चांत मिळतो.

आणि त्याच पावसाळ्यांत, घरांतील सर्वांत वडील व सर्वांत धाकटें अशा दोघांच्या हातांनीं, अंगणाच्या जमिनींत आपल्या डोंगरांतलें एक झाड लावावें. त्याच्या सावलींत कोण बसेल, त्याचीं फळें कोणता पक्षी खाईल, हें आज सांगतां येणार नाहीं. पण मृगाचा पहिला पाऊस पडला कीं त्याला पालवी फुटेल, आणि त्यासाठीं कोणाला कुंडी उचलून आंत आणावी लागणार नाहीं.